ओजीएसवर गो शिकताय? खेळायला झकास, पण एआय रिव्ह्यूपासून सध्या लांब रहा

निकाल आधीच सांगून टाकते, मग ज्याला पुढे वाचायचंय त्याने वाचा. ऑनलाइन-गो डॉट कॉम, म्हणजे सगळे ज्याला ओजीएस म्हणतात ते, गो हा पटावरचा खेळ खेळायची जागा म्हणून पाचपैकी साडेचार. शिकवणारा मास्तर म्हणून पाचपैकी अडीच, आणि ते अडीच पण मी आज चांगल्या मूडमध्ये आहे म्हणून. फुकट आहे, काही डाउनलोड करावं लागत नाही, ब्राउझर उघडला की झालं, फोनवर पण चालतं. पण नवशिक्या माणूस तिथे जाऊन नेमकं जे करतो तेच केलं तर वर्षभर खेळून पण तिथल्या तिथेच राहायची सोय आहे, म्हणून हा एवढा मोठा रिव्ह्यू.

माझ्याबद्दल थोडक्यात. कर्वेनगरला राहते, जपानीच्या शिकवण्या घेते, त्या नादाने गोकडे वळले. पुण्यात जपानी शिकणारे इतके आहेत, सिंहगड रोडला ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर अख्खं पु. ल. देशपांडे उद्यान उभं राहिलं, पण गो काही आपल्याकडे फारसा रुजला नाही. घरात खेळायला जोडीदार एकच, माझे सासरे. अप्पा रिटायर्ड, आयुष्यभर बुद्धिबळ खेळलेला माणूस. त्यामुळे हा रिव्ह्यू दोघांच्या वापरावरून आहे, आणि खरं सांगायचं तर अप्पांच्या वापरावरून जास्त, कारण त्यांना वेळ भरपूर आणि हरलेलं अजिबात खपत नाही.

ज्यांना गो माहीतच नाही त्यांच्यासाठी: आडव्या उभ्या रेघांचा पट, चौकटीत नाही तर रेघा जिथे छेदतात तिथे काळी नाहीतर पांढरी सोंगटी ठेवायची, एकदा ठेवली की ती हलत नाही. सोंगटीला लागून असलेले रिकामे छेद म्हणजे तिच्या लिबर्टी, त्या सगळ्या समोरच्याने बुजवल्या की सोंगटी उचलली जाते. शेवटी ज्याची जागा जास्त तो जिंकला. काळा आधी खेळतो म्हणून पांढऱ्याला भरपाईचे पॉइंट मिळतात, त्याला कोमी म्हणतात, मोठ्या पटावर जपानी नियमात 6.5 आणि चिनी नियमात 7.5. बास, नियम एवढेच, वर को नावाचा एक नियम (पटावरची तीच मांडणी लगेच परत आणायची नाही), तो खेळताना कळतो.

अप्पांचा पहिला प्रश्न होता, "अगं, ह्यात राजा कुठाय?"

"राजा नाहीये अप्पा, सगळी प्यादीच."

"मग मारायचं कुणाला?"

हा प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाहीये. बुद्धिबळातून आलेला माणूस गोमध्ये येऊन दिसेल त्याला मारायला धावतो, आणि गो मध्ये मारणं हे साधन आहे, जिंकायचं असतं जागेवर. ओजीएसचे सुरुवातीचे धडे, लर्न नावाच्या मेनूत आहेत ते, इथे खरंच उपयोगी पडतात. छोटे छोटे पट, एक प्रश्न, क्लिक करून उत्तर द्यायचं, चुकलं तर परत. सोंगटी पकडणं, वाचवणं, को, सगळं त्यात येतं आणि इंग्रजी फार नाहीये त्यामुळे घरातल्या शाळकरी मुलांना पण जमतं. एका बैठकीत संपतात.

इथपर्यंत सगळं छान. घोळ सुरू होतो धडे संपल्यावर, कारण नवीन माणूस थेट 19 बाय 19 चा गेम लावतो. साहजिक आहे, फोटोत, अ‍ॅनिमेत, सगळीकडे तोच पट दिसतो. 361 छेद. नवशिक्याला त्या 361 पैकी कुठे खेळायचं ह्याचा काडीचा अंदाज नसतो, गेम तासभर चालतो, कुठल्यातरी कोपऱ्यात एक मोठा ग्रुप (एकमेकींना जोडलेल्या सोंगट्या) मरतो आणि बाकीचा अर्धा तास ते प्रेत ओढत न्यायचं. तासाभरात शिकण्यासारखी गोष्ट एकच घडली, आणि ती नेमकी कधी घडली तेच आठवत नाही. त्याऐवजी 9 बाय 9 लावा. 81 छेद, दहा-पंधरा मिनिटांत निकाल, पहिल्या सात-आठ चालीतच मारामारी सुरू, हरलात तर का हरलात ते डोळ्यासमोर असतं. गो खेळणाऱ्यांत जुनी म्हण आहे की पहिले शंभर गेम जितक्या लवकर हरता येतील तितक्या लवकर हरा. शंभरच का, पन्नास का नाही, असला वाद घालू नका, मुद्दा एवढाच की हे हरणं 9 बाय 9 वर पटकन उरकतं. ओजीएसवर पटाचा साईज निवडायचं बटण समोरच असतं. मग 13 बाय 13, आणि मग मोठा पट, घाई कसलीच नाहीये.

दुसरी सेटिंग जी कोणी सांगत नाही आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: नियम चिनी ठेवा. जपानी नियमांत शेवटी तुमची रिकामी घेरलेली जागा मोजतात, त्यामुळे स्वतःच्या जागेत उगाच सोंगटी ठेवली की एक पॉइंट गेला. आता नवशिक्याला कळतच नाही की समोरच्याची आत अडकलेली सोंगटी मेलीये की जिवंत आहे, पडताळून बघायला खेळावं तर पॉइंट जातात, न खेळावं तर शेवटी मोजणीत दोघांचं एकमत होत नाही. चिनी पद्धतीत जागा आणि पटावरच्या सोंगट्या दोन्ही मोजतात, म्हणून स्वतःच्या जागेत खेळून ती अडकलेली सोंगटी खरंच पकडून दाखवली तरी नुकसान काही नाही. शंका आली की खेळून बघा, संपलं. ओजीएस शेवटी स्वतःच अंदाज लावतं की कुठल्या सोंगट्या मेल्या, आणि दोघांनी मान्य केलं की निकाल लागतो, पण तो मान्य करण्याआधी पटाकडे एकदा नीट बघा, डोळे झाकून ओके दाबू नका.

वेळेचं पण सांगते. लाइव्ह गेममध्ये बऱ्याचदा ब्योयोमी असतं, म्हणजे मुख्य वेळ संपल्यावर चालीमागे तीस सेकंद वगैरे मिळतात, ते तीस सेकंद पाळलेत तर घड्याळ पुढे सरकत नाही. ब्लिट्झच्या, म्हणजे झटपट चालींच्या गेमच्या, नादी लागू नका. ब्लिट्झमध्ये हात शिकतो, डोकं शिकत नाही. आपल्याकडे रात्री जेवणं उरकली की युरोपात संध्याकाळ असते त्यामुळे समोर कोणीतरी मिळतंच, भर दुपारी मात्र कधीकधी वाट बघावी लागते, तेव्हा बॉट, म्हणजे कॉम्प्युटर खेळाडू, आहेत.

बॉटशी खेळणं सुरुवातीला ठीक, पण सवय लावू नका. बॉटच्या चुका बॉटसारख्या असतात, माणसाच्या चुका माणसासारख्या. अप्पा एका सोप्या बॉटला हरवायला शिकले, तो एकाच प्रकारे फसायचा, अप्पा रोज त्याला तसंच फसवायचे आणि चहा पिताना जिंकलो म्हणून सांगायचे. मग माणसाशी खेळले आणि जिन्यात अडकले.

जिना म्हणजे लॅडर. हे जरा नीट सांगते कारण ह्यात गो कसा शिकावा ते सगळं दिसतं. समोरच्याची एक सोंगटी तुम्ही अटारीत घेतली, म्हणजे तिला एकच लिबर्टी उरली. ती पळाली, दोन लिबर्टी झाल्या. तुम्ही परत अटारी दिली, ती परत पळाली. असं करत करत तिरकी पायऱ्यांची रांग पटभर जाते आणि कडेला पोचली की सगळाच्या सगळा ग्रुप उचलला जातो. मस्त वाटतं. पण त्या तिरक्या वाटेत समोरच्याची एक जरी सोंगटी आधीपासून बसलेली असली तर पळणारा तिला जाऊन मिळतो, अटारी सुटते, आणि मग तुमच्या ज्या सोंगट्या पाठलाग करत आल्या त्या सगळ्या तुटक तुटक, मध्ये फटी, समोरचा एका चालीत दोन-दोन अटाऱ्या देतो. अप्पांनी 13 बाय 13 वर असा जिना धरला, मोठ्या हौसेने, समोरच्या कोपऱ्यात पांढरी सोंगटी दिमाखात बसलेली होती. तिच्याकडे बघितलंच नाही. गेम तिथेच संपला, फक्त अप्पांना ते संपायला अजून बराच वेळ लागला.

आता येते माझी खरी तक्रार, आणि ती ओजीएसवर नाही म्हणजे फक्त ओजीएसवर नाही, सगळीकडेच ही साथ आलीये. एआय रिव्ह्यू. गेम संपला की कॅटागो नावाचं इंजिन (2019 पासूनचं, ओपन सोर्स, भयानक ताकदवान) तुमचा गेम तपासतं, प्रत्येक चालीला कोणाची जिंकायची शक्यता किती ह्याचा आलेख काढून देतं, पटावर निळा गोल दाखवतं की इथे खेळायला हवं होतं. फुकट खात्यात हा रिव्ह्यू त्रोटक मिळतो, सगळ्या चालींचा खोल हवा असेल तर पैसे भरून सपोर्टर व्हायचं. अप्पांच्या त्या गेमचा आलेख उघडला तर दवाखान्यातल्या ईसीजीसारखा, वर खाली वर खाली, एका चालीला काळा 95 टक्के, पुढच्या चालीला 8 टक्के.

ह्यातून नवशिक्या काय शिकणार? इंजिन सांगतं कुठे, का ते सांगत नाही. आणि जे कुठे सांगतं ते पुढच्या तीस चाली बिनचूक खेळता येणाऱ्यासाठी असतं. नमुना सांगते. तुमचा ग्रुप कोपऱ्यात अडचणीत आहे, तुम्ही घाबरून त्याला एक सोंगटी जोडता. इंजिन म्हणतं चूक, दुसऱ्या टोकाला जाऊन मोठी जागा घ्या. का? कारण इंजिनाला माहितीये की तो ग्रुप हल्ला झाला तरी जगतो, अशा-अशा पाच चालींनी. तुम्हाला त्या पाच चाली येतात का? नाही. मग तुम्ही पुढच्या गेममध्ये शहाण्यासारखं दुसरीकडे खेळता, समोरचा हल्ला करतो, ग्रुप मरतो, आणि तुम्हाला वाटतं की आपण तर इंजिनाचं ऐकलं होतं. तुमच्यासाठी, तुमच्या आजच्या पातळीला, ती घाबरट चालच बरोबर होती.

ह्याचाच मोठा भाऊ म्हणजे 3-3 ची (कोपऱ्यात दोन्ही कडांपासूनच्या तिसऱ्या रेघा छेदतात तिथली) घुसखोरी. 2016 च्या मार्चमध्ये सोलला अल्फागो ह्या गूगल डीपमाइंडच्या प्रोग्रामने कोरियाचा अव्वल गो खेळाडू ली सेडोलला 4-1 हरवलं, ते बहुतेकांना माहितीये. त्यानंतर प्रोफेशनल लोकांनी पण हळूहळू अल्फागोच्या चाली उचलल्या, त्यातली एक म्हणजे गेमच्या अगदी सुरुवातीला समोरच्याच्या कोपऱ्यात 3-3 वर घुसायचं. आधी ही चाल सुरुवातीला वाईट समजायचे, कारण तुम्हाला कोपरा मिळतो पण समोरच्याला बाहेर भक्कम भिंत मिळते. इंजिनांनी दाखवलं की नंतर त्या भिंतीचा जोर कमी करता येतो. बरोबर आहे, त्यांना येतो करता. ओजीएसवर वीस क्यूची, म्हणजे अजून शिकाऊ, मंडळी चौथ्या चालीला 3-3 मध्ये घुसतात, चिमूटभर कोपरा घेतात आणि मग बाहेरच्या भिंतीसमोर त्यांचं जे काही होतं ते बघवत नाही. त्याच मॅचच्या दुसऱ्या गेममधली 37 वी चाल बघा, पाचव्या रेघेवरची, मोठमोठे जाणकार कॉमेंट्री करताना म्हणाले की काहीतरी गफलत झाली असावी. 9 दानच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीच्या, माणसांना जी चाल क्षणभर चूक वाटली तसल्या चाली आपल्याला निळ्या गोलात दाखवून काय उपयोग आहे सांगा. रिव्ह्यूचं बटण बंद करता येतं. करा बंद. दहा क्यूच्या आसपास पोचलात की उघडा, तेव्हा त्यातलं थोडं तरी डोक्यात शिरेल.

(क्यू म्हणजे शिकाऊ पायऱ्या, साधारण तीसपासून उलट्या मोजत एकपर्यंत यायचं, त्याच्या वर एक दान, दोन दान असं. नवीन खात्याला आधी प्रश्नचिन्हच दिसतं, थोडे गेम झाल्यावर आकडा ठरतो. त्या आकड्याकडे रोज बघत बसणं म्हणजे ब्लड प्रेशर वाढवून घ्यायचं काम.)

मग सुधारायचं कशाने? कोडी. जपानीत त्सुमेगो म्हणतात, ग्रुप जगवायचा किंवा मारायचा, बास. ओजीएसवर कोड्यांचा विभाग आहे पण ती लोकांनीच टाकलेली असतात, काही अप्रतिम, काहींची उत्तरंच धड नाहीत, नवशिक्याला फरक कळणार कसा. त्यापेक्षा फोनवर त्सुमेगो प्रोसारखं एखादं अ‍ॅप घ्या, सोप्या पातळीची कोडी, स्वारगेटहून कर्वेनगरला येईपर्यंत ट्रॅफिकमध्ये ढीगभर होतात. सोपी म्हणजे खरंच सोपी, बघताच उत्तर सुचायला हवं. एका कोड्यावर वीस मिनिटं अडलात तर ते तुमच्यासाठी नाही, सोडा.

आणि बरोबरीने समोर पट हवा. हातात धरायच्या सोंगट्या हव्यात. मी आधी एका ऑनलाइन दुकानातून घडीचा मॅग्नेटवाला सेट मागवला, सोंगट्या शर्टाच्या कफाच्या बटणाएवढ्या, अप्पांना चष्मा लावूनही दिसेनात, पांढऱ्या कमी भरल्या ते वेगळंच. परत पाठवला. मग टिंबर मार्केटमधून एमडीएफचा तुकडा कापून आणला, पट्टीने आणि पर्मनंट मार्करने नऊ-नऊ रेघा, आणि रविवार पेठेतून काळी-पांढरी बटणं घेतली, चाळीस-चाळीस, कोटाची, जाड. सगळं मिळून तीनशेच्या आत. कॅरमच्या सोंगट्यांनी काम भागेल असं वाटत असेल तर नाही भागत, त्या नऊ-नऊच असतात आणि राणीचं इथे काही काम नाही. जपानी सेट, काळी स्लेट आणि पांढऱ्या शिंपल्याच्या सोंगट्या, त्याखाली कायाच्या लाकडाचा पट, हे बघायला स्वर्ग आहे पण किंमत बघून खाली यायला होतं.

त्या बटणांवर आमची सगळ्यात कामाची संध्याकाळ गेली. मी अप्पांसमोर पांढऱ्या ग्रुपच्या आत एका रेषेत तीन रिकामे छेद ठेवले. आता पांढऱ्याची चाल असेल तर मधला छेद घ्यायचा, दोन डोळे (ग्रुपच्या आतली दोन सुटी रिकामी घरं) तयार, ग्रुप कधीच मरत नाही, कारण समोरच्याला दोन्ही डोळ्यात एकदम खेळता येत नाही. काळ्याची चाल असेल तर त्यानेही मधलाच छेद घ्यायचा, पांढरा मेला. मग एका रेषेत चार ठेवले. अप्पा म्हणाले, इथे पण मधला. मी म्हटलं कुठला मधला, दोन आहेत. त्यांनी काळ्याने एक घेतला, मी पांढऱ्याने दुसरा घेतला, जिवंत. त्यांनी दुसरा घेतला, मी पहिला घेतला, जिवंत. म्हणजे सरळ चार असले की हातच लावायचा नाही, ग्रुप आपोआप जिवंत, ती चाल दुसरीकडे वापरा. मग तेच चार छेद चौकोनात मांडले. अप्पा बराच वेळ बघत राहिले, पांढऱ्याने आधी खेळून बघितलं, उरले तीन वाकडे, त्यातला कोपऱ्याचा छेद काळ्याने घेतला, मेला. परत दुसरीकडून. परत मेला.

"अगं म्हणजे जागा तेवढीच, तरी हा मेलेलाच?"

"हो, आणि आधी तुम्ही खेळलात तरी मेलेलाच."

बटणं बाजूला सारून म्हणाले, "हे त्या कॉम्प्युटरने का नाही सांगितलं?" बरोबर पकडलं होतं त्यांनी. निळा गोल त्यांना त्या दिवशी पाच-सहा ठिकाणी दाखवला होता, पण त्यातलं एकही कारण 'तुमचा ग्रुप चौकोनी चारचा आहे' असं लिहून आलं नव्हतं. ही तीन-चार आकारांची गोष्ट पक्की झाली की 9 बाय 9 वरचे निम्मे गेम तुम्ही वेगळे खेळता, कारण कुठे जोडायची गरज आहे आणि कुठे नाही हे दिसायला लागतं.

ओजीएसचा मला सगळ्यात आवडलेला भाग मात्र वेगळाच आहे, करस्पॉन्डन्स गेम. एक चाल करायला एक दिवस, तीन दिवस, जे ठरेल ते. अप्पांसारख्यांसाठी हे बनवलंय असं वाटतं. सकाळी पेपर झाला की फोन उघडतात, पाच-सहा पट चालू असतात, एकेक चाल करून ठेवतात. समोरचा अमुक खेळला तर माझी तमुक चाल, असं आधीच लावून ठेवता येतं, ते अप्पांनी स्वतःच शोधलं, मला नंतर दाखवलं. सुट्टी पण टाकता येते, घड्याळ थांबतं, आम्ही गणपतीला कोकणात गेलो तेव्हा तिकडे रेंज नव्हती तरी एकही गेम वेळ संपून हातचा गेला नाही. विचार करायला दिवस मिळत असल्याने ह्यात जिना कुठे पोचतो ते बोटाने पटावर मोजून बघता येतं, आणि नवशिक्याला नेमकी हीच सवय लागायला हवी. सोबत अ‍ॅनालिसिस मोड असतो, त्यात चाली करून बघता येतात, पण मी अप्पांना तो वापरू देत नाही, मनातल्या मनात तीन चाली पुढचं बघा म्हणते. ऐकतात की नाही देव जाणे.

बाकीच्यांचं पटकन: फॉक्स हा चिनी सर्व्हर, गर्दी अफाट, पण सगळं चिनी वळणाचं, आपल्यासारख्याने नंतर जावं. केजीएस जुनं, आता अमेरिकन गो फाउंडेशन चालवतं, पूर्वीइतकी वर्दळ नाही. पांडानेट तर 1992 पासूनचं. नवशिक्याला हे तिन्ही आत्ता नकोत.

पैसे भरून सपोर्टर व्हावं का? रिव्ह्यूसाठी नको, वर सांगितलं तेच. पण रोज फुकट खेळता आणि सर्व्हर चालावा असं वाटत असेल तर भरा, अप्पांनी मला न विचारता भरले, आणि आता तो खोल रिव्ह्यू त्यांना दिसतो म्हणून माझी पंचाईत झालीये. कर्वेनगर, कोथरूड, वारजे भागात कोणी खरंच पटावर 9 बाय 9 खेळणारं असेल तर खाली सांगा, बटणं आमच्याकडे आहेत.